नव्व्याण्णव खेपांचा जिना

आमच्या इमारतीचा जिना मी बंद पाडला, असं जे बोललं जातं त्यात थोडं तथ्य आहे. पण मी काही हातोडा घेऊन पायऱ्या फोडल्या नाहीत, की त्यांच्यावर तेल ओतलं नाही. मी फक्त एक वारंवारता सारणी केली आणि तिला एक स्तंभालेख जोडला. सुशिक्षित माणसाच्या हातून याहून निरुपद्रवी काम होऊच शकत नाही, असं मला तेव्हा वाटत होतं.

आम्हाला हवी होती लिफ्ट. इमारत चार मजल्यांची, मजल्यावर चार-चार घरं. तळमजल्यावर सोसायटीचं ऑफिस, सायकली ठेवायची जागा आणि एकच घर. आम्ही चौथ्या मजल्यावर. आईच्या गुडघ्यांनी मान टाकली त्याला चौदा महिने झाले, आणि या चौदा महिन्यांत ती एकदाही खाली उतरलेली नाही. ती तक्रार करत नाही. खिडकीत बसते आणि खाली कोण आलं, कोण कुणाशी बोलत उभं राहिलं, हे आम्हाला सांगते. मला त्याचं वाईट वाटतं, आणि मला वाईट वाटलं की मी अर्ज करतो. नोकरीच तशी आहे. पाणीपुरवठा खात्याच्या नोंदणी विभागात मी हेडक्लार्क आहे. अर्जाने सुटत नाही असा प्रश्न जगात असतो, हे मला कुणी पटवून दिलेलं नाही.

शहराच्या इमारत विभागाने जुन्या इमारतींना लिफ्ट बसवून द्यायची योजना काढली होती. अर्जासोबत सतरा कागद जोडायचे होते. सोळा कागद मी दोन दिवसांत गोळा केले. सतराव्याचं वर्णन असं होतं : 'रहिवाशांच्या जिनावापराचे सर्वेक्षण, संगणकीय वारंवारता सारणी व आलेखासह.' सोसायटीच्या सेक्रेटरींनी तो कागद दोन बोटांत धरून माझ्याकडे सरकवला.

"हे तुमचंच काम. तुम्ही कॉम्प्युटरवाले."

माझ्या ऑफिसातल्या टेबलावर कॉम्प्युटर आहे, एवढ्यावर हे बिरुद मला मिळालं होतं. त्यावर माझा चष्मा आणि डबा असतो. पण बिरुद मिळालं की माणूस ते नाकारत नाही. मी म्हणालो, "बघतो." या शब्दातून मागे फिरता येत नाही हे मला पन्नाशीतही शिकता आलेलं नाही.

प्रश्नावली मी एका प्रश्नाची केली. 'आपण दिवसातून किती वेळा जिना उतरून पुन्हा चढता?' एकदा उतरणं आणि चढणं मिळून एक खेप. अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाच्या नावापुढे एक आकडा, बस्स. पण प्रश्न एकच आहे म्हटल्यावर लोकांना तो अपुरा वाटायला लागला. कुणाला त्यात वरून पाणी कोण सांडतं हा प्रश्न हवा होता. दुसऱ्या मजल्यावरच्या टायपिस्टबाईंना 'जिन्यात मोठ्याने फोनवर बोलणारे' असा वेगळा रकाना हवा होता, आणि त्यात काय भरायचं हेही त्यांचं तयार होतं. माझ्या बायकोने फॉर्म वाचून एवढंच विचारलं, "अहो, आणि लोक खरं सांगतील?" बायकांचा संख्याशास्त्रावर विश्वास नसतो असं मी मनाशी म्हटलं आणि तिला चहा टाकायला सांगितलं. तिने सर्वेक्षण करणाऱ्यानेच चहा टाकावा असं सुचवलं.

फॉर्म फक्त वरच्या मजल्यांना द्यायचे होते, पण ते तळमजल्यावरच्या हरकतकाकांना कळलं. हे गृहस्थ एकटे राहतात. सोसायटीच्या प्रत्येक सभेत ते 'माझी हरकत आहे' या वाक्याने उभे राहतात, म्हणून हे नाव. ते त्यांनाही माहीत आहे आणि त्याला मात्र त्यांची हरकत नाही.

"आम्हाला वगळलंत?" ते म्हणाले. "आम्ही काय इमारतीत राहत नाही?"

"काका, तुम्हाला जिना लागतच नाही."

"कोण म्हणतं? पाण्याची टाकी बघायला गच्चीवर कोण जातं? दिवसातून दहा वेळा जातो मी. लिहा दहा."

मी दहा लिहिले. अशा रीतीने एकूण माणसं झाली बासष्ट.

आता सॉफ्टवेअर. ते मेव्हण्याने सुचवलं, घरच्या लॅपटॉपवर. मेव्हणा ज्या गोष्टी सुचवतो त्या चालू करून देऊन लगेच निघून जातो. पडद्यावर रिकाम्या चौकटींचं एक पान उघडलं आणि त्याच्या मागे दुसरं. पहिल्या पानावर आकडे भरायचे, दुसऱ्यावर त्या आकड्यांची कुंडली. मी पहिल्या रकान्यात नावं घातली, दुसऱ्यात खेपा, आणि मेन्यूत शोधत शोधत 'फ्रिक्वेन्सीज' पर्यंत पोचलो. सॉफ्टवेअरने विचारलं, कशाची सारणी हवी? मी पहिला रकाना दाखवला. क्षणात तीन पानी सारणी तयार! बासष्ट नावं, प्रत्येक नावाची वारंवारता एक, टक्केवारी एक पूर्णांक सहा. शेवटी बेरीज शंभर. इतकी न्याय्य सारणी मी आमच्या खात्यात कधी पाहिली नव्हती. बायकोने ती पाहून विचारलं, "म्हणजे काय कळलं यातून?" मी सांगितलं, की इमारतीत प्रत्येक माणूस एकेकदाच आहे.

मग वृत्तालेख. मजल्यांप्रमाणे रंगीत पाकळ्या काढल्या आणि कौतुकाने नोटीसबोर्डावर लावल्या. संध्याकाळपर्यंत पहिल्या मजल्याचं शिष्टमंडळ दारात. त्यांच्या वाट्याला बारीक पाकळी का, आणि तीही तपकिरी का? मी म्हणालो, रंग सॉफ्टवेअर देतं. ते म्हणाले, सॉफ्टवेअर तुमच्या घरात आहे. मी पहिल्या मजल्याला निळा रंग दिला, तर तो चौथ्या मजल्याला हवा होता असं घरातूनच ऐकावं लागलं. शेवटी वृत्तालेख रद्द करून मी साधा स्तंभालेख घेतला, सगळे खांब राखाडी.

खरी अडचण निराळीच होती. अकरा नावांपुढे आकडा नव्हता. कुठे आडवी रेघ, कुठे नुसती रिकामी जागा. सॉफ्टवेअरला रिकामी जागा चालेना, ती चौकट ठिपका दाखवून गप्प बसे. तिसऱ्या मजल्यावर संख्याशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक राहतात. मी त्यांच्याकडे गेलो. सरांचं ज्ञान अफाट आहे आणि ते वाक्य सुरू करतात तेव्हा संपेपर्यंत चहा थंड होतो. त्यांनी डोळे मिटले.

"रिकामं ठेवू नका. जिथे उत्तर नाही तिथे एक असा आकडा घाला जो खऱ्या उत्तरात येणं शक्यच नाही. उदाहरणार्थ नव्व्याण्णव. आणि एकदा तो घातला, की अर्थातच, या पद्धतीचा इतिहास पाहता..."

मला इतिहास नको होता. मी "आलं लक्षात, सर" म्हणून उठलो. सरांचं वाक्य मागे चालूच होतं. त्या वाक्याच्या उत्तरार्धात 'सॉफ्टवेअरला तसं सांगायला विसरू नका' असं होतं, हे मला पंधरवडा उलटल्यावर कळलं. दुसऱ्या पानावर 'मिसिंग' नावाचा एक रकाना होता, नाही असं नाही. पण माझ्या सर्वेक्षणात काही गहाळ आहे ही कल्पनाच मला अपमानास्पद वाटली. मी त्यात 'नन', म्हणजे 'काही नाही', तसंच राहू दिलं.

या वेळी मी दुसऱ्या रकान्याची, म्हणजे खेपांची सारणी मागितली आणि ती सुरेख आली. एक खेप करणारे नऊ, दोन करणारे दहा, तीनवाले दहा, चारवाले नऊ, पाचवाले सात, सहावाले पाच, आणि दहा खेपांवर एकटे हरकतकाका. शेवटी नव्व्याण्णवपुढे अकरा. नव्व्याण्णव म्हणजे उत्तर नाही हे मला माहीत होतं, आणि जे मला माहीत आहे ते कागद वाचणाऱ्यालाही माहीत असतं, अशी आमच्या पेशात समजूत असते. शिवाय तो उजवीकडचा शेवटचा उंच खांब फार भारदस्त दिसत होता. त्याने आलेखाला एक शेवट आला होता. खाली सॉफ्टवेअरने आपणहून सरासरीही छापली : वीस पूर्णांक एकतीस. मशीनची बेरीज तपासणं मला शोभलं नसतं.

इमारत विभागातल्या साहेबांनी सतराही कागद उलटले आणि शेवटच्यावर थांबले. बोट सरासरीवर.

"वीस?"

"पूर्णांक एकतीस," मी नम्रपणे सांगितलं.

"तुमच्याकडे फारच वर्दळ आहे हो."

"आहे ना साहेब. म्हणून तर लिफ्ट."

साहेबांनी काहीतरी गुणाकार करून समासात लिहिला आणि माझ्याकडे जरा आदराने पाहिलं, असं मला वाटलं. घरी येऊन मी आईला म्हणालो, "झालं तुझं काम." ती म्हणाली, "माझं कशाला, सगळ्यांचंच." पण त्या दिवशी तिने कपाटातून बाहेरची चप्पल काढून पुसून ठेवली. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

आठव्या दिवशी इमारत विभागाचे दोन कर्मचारी आले आणि जिन्याच्या पहिल्या कठड्याला नोटीस चिकटवून गेले. 'सादर केलेल्या सर्वेक्षणानुसार सदर जिन्यावर दररोज १,२५९ खेपा होत असून, जिना क्षमतेबाहेर वापरला जात असल्याचे निष्पन्न होते. पुढील आदेशापर्यंत एका वेळी एकाच व्यक्तीने जिन्याचा वापर करावा व प्रत्येक खेपेची सहीनिशी नोंद ठेवावी.' मजकूर मी दोनदा वाचला. मराठी निर्दोष होतं.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते थोडक्यात सांगतो, कारण विस्ताराने सांगायला मन तयार नाही. जिन्याच्या तळाशी टेबल, खुर्ची आणि नोंदवही घेऊन हरकतकाका बसले. त्यांना कुणी नेमलं नव्हतं. नेमण्याआधीच ते बसले होते. वरून उतरणाऱ्याने कठड्यावरून वाकून ओरडायचं, "जिना मोकळा का?" खालून काका ओरडणार, "थांबा, दुसऱ्यावर माणूस आहे!" सकाळी साडेआठ ते दहा सगळ्या इमारतीत हाच संवाद चाले. टायपिस्टबाई आणि गॅस दुरुस्त करायला आलेला माणूस एकदा पहिल्या-दुसऱ्याच्या मधल्या वळणावर समोरासमोर आले. दोघांनाही मागे फिरणं मान्य नव्हतं. काकांनी नियम पाहिला, पण त्यात असा प्रसंग नव्हता. पंचवीस मिनिटं दोघं तिथे उभे होते आणि त्या पंचवीस मिनिटांत बाईंच्या गॅसच्या सर्व तक्रारी त्याने जिन्यातच ऐकून घेतल्या.

मी लागोपाठ तीन दिवस ऑफिसला उशिरा पोचलो. उशिराच्या रजिस्टरमध्ये कारण लिहावं लागतं. मी खरं तेच लिहिलं, 'जिना रिकामा नव्हता.' आमच्या साहेबांनी ते वाचलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं आणि मला बरं वाटत नसेल तर घरी जायला सांगितलं. घरी जाण्यातच तर अडचण होती. इमारतीत लोकांनी माझ्याशी बोलणं कमी केलं. नुसते बोलत नसते तर चाललं असतं, पण मी दिसलो की बोलत असलेले थांबायचे. बायकोने भाजी आणायला लागलेला पाऊण तास मला रोज मिनिटांसह ऐकवला. मेव्हण्याला फोन केला तर तो म्हणाला, सॉफ्टवेअर अपडेट करून बघा.

सहाव्या दिवशी संध्याकाळी हरकतकाका नोंदवही काखेत घालून आमच्या दारात उभे. चार मजले चढून त्यांना धाप लागली होती, पण आवाजात विजय होता.

"साहेब, माझी हरकत आहे. पाच दिवसांच्या नोंदी आहेत या. रोजच्या खेपा एकशे साठ ते एकशे ऐंशी. तुमचे बाराशे एकोणसाठ कुठे गेले? तुमच्या सारणीतला नव्व्याण्णव वेळा चढणारा माणूस मला दाखवा. एक दाखवा."

मी लॅपटॉप उघडला. शेवटच्या उंच राखाडी खांबाकडे पाहिलं आणि बोटांवर गुणाकार केला. अकरा गुणिले नव्व्याण्णव, एक हजार एकोणनव्वद. कागदावर हा साधा गुणाकार मी डोळे मिटून केला असता. सॉफ्टवेअरने माझ्या 'उत्तर नाही'ला आकडा समजून इमानदारीने बेरजेत धरलं होतं. दोष त्याचा नव्हता. मी मान्य केलं. वाटलं, काका आता खूश होऊन जातील.

ते गेले नाहीत. "दुसरी हरकत," ते म्हणाले. "अकरा माणसांनी पाच दिवसांत एकदाही सही केलेली नाही. म्हणजे मी जेवायला गेलो की चोरून जातायत. यादी केलीय मी. पहिलं नाव तुमच्या मातोश्रींचं."

"काका, ती उतरतच नाही."

"कधीच?"

"चौदा महिने झाले."

काकांनी माझ्या टेबलावरच्या गठ्ठ्यातून आमच्या घराचा फॉर्म काढून समोर धरला. आईच्या नावापुढे आडवी रेघ होती. अक्षर माझं. घरातला फॉर्म मीच भरला होता.

"मग इथे शून्य का नाही?" काकांनी विचारलं. कुत्सितपणे नाही, खरंच कळत नव्हतं म्हणून.

ती जात नाही, तेव्हा तिला हा प्रश्न लागूच होत नाही, असं मला फॉर्म भरताना वाटलं होतं. तिच्यासाठी एवढा सगळा खटाटोप चालला होता आणि मोजायची वेळ आली तेव्हा मी तिच्या नावापुढे रेघ ओढून पुढच्या नावाकडे गेलो होतो. मला लाज वाटली. आत आई खिडकीशी बसून सगळं ऐकत होती.

उरलेल्या दहा जणांकडे आम्ही दोघं मिळून गेलो. काकांना चोर पकडायचे होते, मला आकडे हवे होते. काकांचा बेत समोरच्या घरातच फसला. तिथले निवृत्त बसचालक नाकाला नळी लावून बसले होते. ते म्हणाले, "जिना? मागच्या वर्षी उतरलो होतो हॉस्पिटलला. चौघांनी धरून." तिसऱ्यावर टायपिस्टबाईंची एक मैत्रीण राहते, वय चाळीससुद्धा नाही. पाठीच्या ऑपरेशननंतर तिला फक्त मागच्या बाल्कनीपर्यंत जाता येतं. तिच्या नवऱ्याने जागा रिकामी सोडली होती. "काय लिहिणार," तो म्हणाला. दुसऱ्यावर एक जोडपं होतं, दोघंही घरातच. त्यातली बायको माझ्या आईची रोजच्या गप्पांतली मैत्रीण, पूर्वी खाली बाकावर दोघी तासन्‌तास बसायच्या. तिने विचारलं, "आई कशा आहेत?" दोन मजल्यांचं अंतर, आणि ती मला विचारत होती. प्रत्येक दारातून बाहेर पडताना काका यादीतल्या नावावर रेघ मारत आणि त्यापुढे बारीक अक्षरात शून्य लिहीत. सहाव्या घरानंतर ते 'चोरून' हा शब्द वापरेनासे झाले.

शेवटचं नाव सरांचं होतं. मी हसलो. म्हटलं, काका, इथे काहीतरी चूक आहे, सरांकडे तर मी महिन्यातून चारदा जातो.

"तुम्ही जाता," काका म्हणाले. "ते कुठे जातात?"

मी आठवायचा प्रयत्न केला. मला सर खुर्चीत आठवले. दार उघडायला सूनबाई आठवल्या. सर खाली कधी दिसले होते ते काही आठवेना.

सरांनी डोळे मिटले नाहीत. सरळ म्हणाले, "तीन वर्षं झाली. तोल जातो माझा. जिना बघितला की गरगरतं."

"पण सर, तुम्ही तरी शून्य लिहायचं. तुम्हाला तर माहीत आहे, रिकामं आणि शून्य यात किती फरक..."

"चाळीस वर्षं तोच शिकवला मी," सर म्हणाले. "हात धजेना हो."

त्यांचं इतकं छोटं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं. काका नोंदवही छातीशी धरून उभे होते. त्यांनी सरांना काही न विचारता शून्य लिहिलं आणि आम्ही बाहेर आलो.

त्याच संध्याकाळी मी आकडे दुरुस्त केले. उजवीकडचा भारदस्त खांब गेला आणि सगळ्यात डावीकडे, शून्यावर, तेवढ्याच उंचीचा खांब उभा राहिला. बासष्टपैकी अकरा, सतरा पूर्णांक सात टक्के. आलेखात सगळ्यात उंच तोच होता. सरासरी दोन पूर्णांक चौऱ्याहत्तर. मी या वेळी बेरीज हातानेही करून पाहिली.

दुसऱ्या दिवशी इमारत विभागाच्या साहेबांसमोर मी उभा राहिलो आणि चूक कबूल केली. हेडक्लार्कने दुसऱ्या खात्याच्या हेडक्लार्कांदेखत चूक कबूल करणं म्हणजे काय, हे त्या पेशातल्यांनाच कळेल. साहेबांनी जिन्यावरचा आदेश मागे घ्यायला आठवडा लागेल असं सांगितलं. मग आलेख बराच वेळ पाहिला. शून्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हे लोक घरातच?" मी हो म्हणालो. ते म्हणाले, "पहिला अर्ज चुकीच्या माहितीमुळे बाद आहे. नव्याने दाखल करावा लागेल. मुदत सोमवार. आणि ठराव ताजा लागेल, तीन-चतुर्थांश प्रौढ रहिवाशांचा. हात वर करून, नावांसह."

बासष्टचे तीन-चतुर्थांश म्हणजे साडेशेहेचाळीस. अर्धा हात मोजत नाहीत, म्हणून सत्तेचाळीस. पहिल्या मजल्याचे चौदा जण लिफ्टच्या विरोधात होते. लिफ्टच्या खांबामुळे त्यांच्या स्वयंपाकघरातला उजेड जाणार होता, आणि त्यात खोटं काही नव्हतं. हरकतकाका तत्त्वाने विरोधात. उरले नेमके सत्तेचाळीस. पण सभा नेहमी तळमजल्यावर, सोसायटीच्या ऑफिससमोर भरायची, आणि तिथे आमच्या बाजूचे छत्तीसच्या वर कधी जमले नव्हते. यापूर्वी लिफ्टचा ठराव दोनदा पडला होता तो का, हे मी बोटांवर मोजलं आणि शांत झालो. शुक्रवार होता.

सेक्रेटरींनी शनिवारी नोटीस लावली : 'विशेष सभा, रविवार सकाळी दहा, ऑफिससमोर.' काकांनी ती वाचली आणि खिशातून पेन काढलं.

"माझी हरकत आहे. अकरा सभासदांना येता येणार नाही अशा जागी सभा भरवणं नियमाला धरून नाही."

"मग कुठे भरवायची?" सेक्रेटरी वैतागले. "अकरा घरांत?"

"जिन्यात," काका म्हणाले.

"एका वेळी एकच माणूस, असा आदेश आहे काका."

"चढ-उताराला. बसायला बंदी कुठे आहे? दाखवा."

सेक्रेटरींनी नोटीस वाचली. बंदी नव्हती.

रविवारी सभा जिन्यात भरली. आमचा जिना मधल्या मोकळ्या चौकोनाभोवती वळत वर जातो. कठड्याशी उभं राहिलं की वरून खालपर्यंतचे सगळे मजले दिसतात. प्रत्येक मजल्याच्या मोकळ्या जागेत खुर्च्या आल्या. बसचालक नळीसकट आले, त्यांचं मशीन मुलाने उचलून आणलं. सरांना दोन बाजूंनी धरून दाराबाहेरच्या खुर्चीत बसवलं. त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते, पण बाहेर आले. आईची खुर्ची मी आणि बायकोने उचलून कठड्याजवळ ठेवली. तिने ती कपाटाबाहेर काढलेली चप्पल घातली होती.

सेक्रेटरींनी खालून ठराव वाचला. आवाज वर येईपर्यंत अर्धा विरायचा, म्हणून प्रत्येक मजल्यावरचा माणूस तो पुढच्या मजल्याला सांगत होता. चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्यातले दोन शब्द गळले होते, पण 'लिफ्ट' शाबूत होती. पहिल्या मजल्याने विरोध नोंदवला, शांतपणे. त्यांच्यातल्या एका वहिनींनी उजेडाचं सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, "विरोध आहे, पण इतकी माणसं वर आहेत हे माहीत नव्हतं." मग मतदान. मोजणी करायला हरकतकाका पुढे झाले.

"मी विरोधात आहे," त्यांनी जाहीर केलं. "पण आकडा चुकू देणार नाही."

ते एकेक पायरी चढत प्रत्येक मजल्यावर थांबले, नाव वाचलं, वर झालेला हात पाहिला, टिक केली. दुसरा मजला, तिसरा मजला. सरांचा हात डोळे मिटलेलेच असताना वर गेला. आमच्या मजल्यावर येईपर्यंत काकांना चांगलीच धाप लागली होती. वहीत पाहून ते म्हणाले, "शेहेचाळीस." आणि आईच्या नावावर पेन ठेवलं.

"तिचा होकारच..." मी म्हणालो.

"माझी हरकत आहे." काका माझ्याकडे न बघता आईसमोर वाकले. "आजी, तुमचं तुम्ही सांगा."

आईने आधी माझ्याकडे पाहिलं, मग कठड्यावरून खाली. मग तिने हात वर केला. चांगला उंच, पूर्ण. काकांनी टिक केली आणि खाली वाकून ओरडले, "सत्तेचाळीस! ठराव मंजूर. हात खाली घ्या."

खालच्या मजल्यांवर गलका झाला. बायकोने माझा दंड धरला. आईचा हात मात्र वरच होता. मतदान संपलं हे तिला ऐकू गेलं नसेल म्हणून मी तो हळूच खाली घ्यायला गेलो, तर तिने माझा हात बाजूला केला.

"थांब रे," ती म्हणाली. "ती बघ, दुसऱ्यावरून हात करतेय मला."

मी कठड्यावरून पाहिलं. दुसऱ्या मजल्यावर बाकावरची ती मैत्रीण खुर्चीतून वर बघत हात हलवत होती. तिचा नवरा बसचालकांना हात करत होता, बसचालक सरांना, आणि सरांना सूनबाईंनी काहीतरी सांगितल्यावर त्यांनी डोळे उघडून वर पाहिलं आणि हात उंचावला. हरकतकाका पेन धरून थांबले. सगळे हात खाली आल्याशिवाय त्यांना सभा संपली असं लिहिता येत नव्हतं.